मिलूदची मोटरसायकल आणि अल्लालचा मासा

बायकोचा भाऊ परदेशात असावा, चांगल्या नोकरीत असावा आणि वर्षातून एकदाच यावा. अटलांटिकच्या काठावरच्या सफी गावातल्या कुठल्याही नवऱ्याला विचारा, याहून सुखाचं सासर नाही असंच तो सांगेल. अल्लालही तेच सांगायचा. त्या गुरुवारचा फोन येईपर्यंत.

अल्लाल नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारायचा. माणूस साधा, गोल, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. त्याचा मेव्हणा मिलूद बेल्जियममध्ये लोखंडाच्या कारखान्यात होता. पुष्कळ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मिलूद आपली मोटरसायकल सफीत ठेवून गेला होता. गल्लीच्या वरच्या टोकाला सासऱ्यांचा जुना तबेला होता, त्यात ती उभी असायची. जाताना त्याने अल्लालच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "आठवड्यातून एकदा सुरू करायची, पुसायची, परत झाकायची. वर बसायचं नाही."

अल्लालने छातीवर हात ठेवून शब्द दिला. (छातीवर हात ठेवलेला माणूस त्या क्षणी खरंच बोलत असतो. पुढच्या क्षणाची हमी हात देत नाही.)

पुढच्याच आठवड्यात तो ती सुरू करायला गेला. सुरू केली, पुसली. मग त्याच्या मनात आलं, नुसती जागेवर घरघरवून काय कळणार? दोन पावलं चालवून बघावी. ती दोन पावलं समुद्रकाठच्या रस्त्याने थेट ऑफिसपर्यंत गेली. तेव्हापासून अल्लाल रोज मोटरसायकलवरून कामावर जायचा, आणि घरी सांगायचा की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मिलूद दर उन्हाळ्यात यायचा तो दोन-चार दिवसांसाठी, तोही कधी लग्नाला, कधी मयताला. घाईघाईत तबेल्याच्या दारातून एक नजर टाकायचा आणि जायचा. त्या एका नजरेपुरती अल्लाल मोटरसायकल अशी उभी करायचा की तिची बरी बाजू दाराकडे असेल.

वाईट बाजूला सायलेन्सर होता.

समुद्राचं खारं वारं माणसाला भूक देतं आणि लोखंडाला खातं. एके काळी चकचकणाऱ्या त्या सायलेन्सरवर आता भाकरीसारखे फोड आले होते, आणि पाय भाजू नये म्हणून त्यावर बसवलेलं लांबट गार्ड तर देवी आलेल्या तोंडासारखं दिसत होतं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. अल्लालच्या बायकोने, तामूने तो उचलला, आनंदाने किंचाळली आणि अल्लालच्या कानाला लावला.

"अल्लाल! या वेळी चांगली महिनाभराची रजा घेऊन येतोय. शनिवारी दुपारी जेवायला घरी!"

"या, या, सी मिलूद!" अल्लाल अदबीने म्हणाला. "घर तुमचंच आहे."

"मोटर कशी आहे?"

"आरशासारखी!" अल्लालच्या तोंडून निघून गेलं.

"छान. शनिवारी मी तिच्यात माझं तोंडच बघतो. आणि ऐक, या वेळी महिनाभर मी तिच्यावरूनच फिरणार."

फोन ठेवला तेव्हा अल्लालच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तामू विचारत होती, "काय म्हणाला?" आणि अल्लाल म्हणत होता, "आरसा."

संध्याकाळी तो रंगाच्या दुकानात गेला. गंज घालवून पुन्हा चकाकी आणणं एका दिवसात शक्य नाही, हे त्याला कळत होतं. पण काळा रंग? हल्ली सगळी तरुण पोरं सायलेन्सर काळेच करतात. मिलूदला सांगता येईल की ही नवी पद्धत आहे, तुमच्यासाठी मुद्दाम करून घेतली. विचार इतका सुंदर होता की तो आपल्याला सुचला याचंच अल्लालला आश्चर्य वाटलं.

दुकानदाराने उष्णतेत टिकणाऱ्या काळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा काढून दिला आणि बोट उगारलं. "एक लक्षात ठेव. हा रंग नुसता वाळवून भागत नाही, भाजावा लागतो. सायलेन्सर इंजिनाच्या आगीने आपोआप भाजेल. पण वरचं गार्ड तेवढं तापत नाही. ते वेगळं भट्टीत भाज, नाहीतर बसणाऱ्याच्या विजारीला दुधावरच्या सायीसारखा चिकटून येईल."

अल्लालने मान डोलावली. (त्याने त्यातलं फक्त 'काळा रंग' एवढंच नीट ऐकलं होतं.)

शुक्रवारी दुपारच्या जेवणाची कुसकुसची परात रिकामी झाली आणि तामू हमामला, म्हणजे गावच्या न्हाणीघरात गेली. भाऊ येणार म्हणून ती अंग घासून घेणार, मेंदी लावणार, शेजारणींना बातमी सांगणार. अंधार पडल्याशिवाय परत येत नाही, असा अल्लालचा हिशेब. ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच तो पाने घेऊन तबेल्याकडे धावला. गार्डचा पहिला स्क्रू सहज निघाला. दुसऱ्याने तेल पिऊन मग दया दाखवली. तिसऱ्याने मात्र मिलूदच्या बाजूने साक्ष द्यायचं ठरवलं होतं. तो निघेपर्यंत अल्लालच्या दोन बोटांची सालं निघाली. सायलेन्सर आणि गार्ड पिठाच्या पोत्यात घालून तो घराकडे निघाला, तर दारातच शेजारची लल्ला ग़ीता उभी. मासेमारी बोटीच्या कप्तानाची विधवा. तिच्या नजरेतून मासा सुटत नसे, तिथे माणूस काय सुटणार!

"काय रे पोत्यात, सी अल्लाल?"

"पीठ."

"पीठ वाजतं?"

"जुनं आहे," अल्लाल म्हणाला आणि जिना चढला.

गच्चीवर त्याने तारेच्या ब्रशने गंज खरवडला. तपकिरी भुगा उडाला, शिंका आल्या. मग पॉलिश पेपर, मग थिनरचा बोळा. दोन्ही वस्तू तारेने कपडे वाळवायच्या दोरीला टांगल्या आणि डबा खळखळा हलवला. पातळ हात मारायचे, मध्ये वाळू द्यायचं, असं डब्यावर लिहिलं होतं. पण अल्लालची उभी हयात शिक्के मारण्यात गेलेली. शिक्का कसा, एकदाच आणि ठसठशीत उमटला पाहिजे! पहिल्याच फवाऱ्यात गार्डवरून काळे अश्रू ओघळले. ते पुसले, परत घासलं, परत मारलं. त्यात समुद्रावरून वारा सुटला. अर्धा रंग गार्डवर, अर्धा अटलांटिकच्या दिशेने, आणि मधला वाटेकरी अल्लालचं तोंड.

पण अखेर जमलं. तिसऱ्या हाताला दोन्ही वस्तू अशा काळ्याभोर, मऊ चमकदार झाल्या की अल्लाल मागे सरकून बघतच राहिला. आयुष्यात आपण हाताने असं काही केलंय, हे त्याला खरं वाटेना.

"अल्लाल!" जिन्यातून तामूची हाक आली. "वर काय करतोयस?"

अल्लालने डबा पाठीमागे लपवला. "हवा खातोय! तू इतक्यात?"

"हमामचं पाणीच गार झालं! वरून मिरच्या आण जरा वाळवलेल्या!"

त्याने दोरीवर जुनी चादर टाकून दोन्ही वस्तू झाकल्या, मूठभर मिरच्या घेतल्या आणि खाली पळाला. तामूने मिरच्यांकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं.

"नाकात काय तुझ्या?"

"नाकात?"

"काळं आहे. दोन्ही भोकांत."

"ऑफिसात शाई सांडली."

"नाकाने शिक्के मारतोस की काय? आणि हा वास कसला?"

"खाली कोणीतरी होडी रंगवतंय."

तामूने मिरच्या मोजायला घेतल्या. ती अशी काही मोजू लागली की अल्लालला जास्त भीती वाटायची.

शनिवारी फटफटायच्या आत त्याने सायलेन्सर नेऊन बसवला आणि तबेल्याचं दार लावून इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात सायलेन्सरमधून, म्हणजे त्याच्या अंगातून, पांढरा धूर निघाला. अल्लाल खोकत बाहेर पडला. धूर ओसरल्यावर आत जाऊन पाहतो तर रंग दगडासारखा पक्का! दुकानदार खरं बोलला होता. मग त्याने गार्ड हातात घेतलं, आणि अंगठ्याचा ठसा त्यावर असा उमटला की दाखल्यावरचा निशाणी अंगठा झक मारेल.

आता कुठे त्याला दुकानदाराचं सगळं बोलणं आठवलं. गार्ड भट्टीत भाजायला हवं. अंगठ्याची खूण त्याने डब्यातल्या उरल्यासुरल्या फवाऱ्याने बुजवली आणि घरी पळाला. पण घरच्या ओव्हनसमोर तामू तळ ठोकून बसली होती. बदामाच्या करंज्या आत, बदामाच्या करंज्या बाहेर, आणि ओव्हनला हात लावणाऱ्याच्या हातावर लाटणं.

राहिली गल्लीची भट्टी. तिथे आख्खी गल्ली कणीक मळून फळीवर पाठवायची आणि भाकऱ्या भाजून घ्यायची. कुणी भाजी, कुणी मासाही. भट्टी म्हाताऱ्या बा अय्यादची. त्याच्याकडे जाऊन 'रंगवलेलं गार्ड भाजून द्या' म्हणणं म्हणजे इमामाला ढोल वाजवायला सांगणं. अल्लालने स्वयंपाकघरातून फॉईल आणि थाळा लांबवला. गार्ड मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं. रंगाला लागू नये म्हणून त्याने फॉईल सैलसर गुंडाळली, टोकं पिळली, आणि चकित झाला. थाळ्यात हुबेहूब एक मोठा मासा पडला होता.

बा अय्याद भाकऱ्यांचा पहिला घाणा काढून घाम पुसत बसला होता.

"ये, सी अल्लाल. काय आणलंस?"

"मासा."

"कुठला?"

सफी हे सार्डिनचं गाव. इथली मांजरंसुद्धा वासावरून माशाचं नाव सांगतात. अल्लालला त्या क्षणी एका माशाचं नाव आठवेल तर शपथ.

"मोठा," तो म्हणाला.

बा अय्यादने हात झटकले. "या गावात असं उत्तर दिलेल्या माणसाला पूर्वी बंदरात ढकलत. बरं, उघड जरा, लिंबू पिळतो."

"नको!" अल्लाल ओरडलाच. "उघडायचा नाही. बिलकूल उघडायचा नाही. आतली वाफ जाते. मेव्हण्यासाठी आहे. त्याचं पोट नाजूक आहे."

"बेल्जियमच्या मिलूदचं? तो लहानपणी गाढवाचा चारा खायचा!" पण म्हाताऱ्याने थाळा उचलला. "भाकऱ्या नाहीत आता आत, म्हणून घेतो. एकटाच भाजू दे त्याला. तासाभराने ये."

लांब फावड्याने थाळा आत सरकला. अल्लाल भिंतीशी टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात येतील तेवढ्या नमाजातल्या आयती म्हणू लागला. थोड्या वेळाने आतून वास आला. पहिल्यांदा बारीक, मग धिटाईने. बा अय्यादने नाक वर केलं. त्याच क्षणी गल्लीतून तामूचा आवाज घुमला, "अल्लाल! अरे मिलूद आला! लवकर आला!"

अल्लालच्या पाचावर धारण बसली. "बा अय्याद, मी आलोच. उघडू नका! कुणी काहीही म्हणो!" आणि तो घराकडे पळत सुटला.

मिलूद दिवाणखान्यात बसला होता, म्हणजे दिवाणखाना त्याच्याभोवती कसाबसा बसला होता. दांडगा माणूस, आवाज भोंग्यासारखा. उभं आयुष्य भट्ट्यांच्या धुरात काढल्यामुळे त्याचं नाक पार मेलेलं होतं. अल्लालला त्याने मिठीत घेऊन दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पहिलंच वाक्य बोलला, "चल, मोटर बघू."

"अहो, आधी बसा! चहा घ्या! प्रवासातून आलात."

"चहाला पुदिनाच नाही," तामू आतून म्हणाली. "जा, पटकन जुडी घेऊन ये."

पुदिना! अल्लालला त्या पाल्याबद्दल इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं. तो बाहेर पडला. भाजीवाल्याकडे गिऱ्हाइकांशी पहाटेपासूनचे वाद चालले होते. जुडी हाती यायला वेळ लागला, आणि ती छातीशी धरून अल्लाल भट्टीवर पोचला तेव्हा भट्टीचं दार सताड उघडं होतं. आत नुसते निखारे.

"बा अय्याद, मासा कुठाय?"

"गेला की घरी! मिलूद आला होता मला भेटायला. केवढा झालाय! म्हणाला, गल्लीची हवा खायला निघालो. मी म्हटलं, हवा कसली खातोस, तुझ्या मेव्हण्याने तुझ्यासाठी मासा भाजायला टाकलाय, तो खा." म्हातारा खुशीत हसला. "मी जरा मीठमसालाही लावला बोलण्याला. म्हटलं, पहाटे स्वतः बंदरावर जाऊन आणलाय बिचाऱ्याने, कुणाला न सांगता. डोळ्यांत पाणी आलं रे त्याच्या."

"भाजला होता पूर्ण?" अल्लालला एवढंच सुचलं.

"कुठला! वास सुटला होता. लवकर काढला. सी अल्लाल, राग मानू नकोस, पण ज्याने तुला तो मासा विकला त्याने तुला फसवलं."

पुदिन्याची जुडी हातातून कधी पडली ते अल्लालला कळलं नाही. गल्लीच्या उताराने तो धापा टाकत धावला, आणि लांबूनच त्याला दिसलं की मिलूद दोन्ही हातांनी थाळा उंच धरून, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, घराच्या दारात शिरतोय. मागोमाग लल्ला ग़ीता.

घरात जेवणाचं गोल टेबल मांडलेलं होतं. मधोमध तो थाळा. तामूने आपली लिंबाची कोंबडी बाजूला सारली होती.

"ये इकडे!" मिलूद गरजला. त्याने अल्लालला पुन्हा मिठी मारली, या वेळी जरा जास्त वेळ. "एवढी वर्षं मी तुला नुसता शिक्के मारणारा समजत होतो. लल्ला ग़ीता, हात लाव याला. बघ कसा ताठ आहे!"

लल्ला ग़ीताने फॉईलवरून दोन बोटांनी दाबून बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "ताठ तर आहे," ती म्हणाली. "ताजा मासा ताठच असतो. पण इतका ताजा मी जन्मात पाहिला नाही."

"हा आत नेऊन नीट वाढून आणतो," अल्लालने थाळ्याला हात घातला.

मिलूदने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "तू पुरे केलंस. आज मी वाढणार."

"पण थोडा मुरू द्यायला हवा..."

"मासा मुरवतात?" लल्ला ग़ीता म्हणाली.

अल्लाल उठून स्वयंपाकघरात गेला. तामू सुरी आणि लिंबं घेत होती. आता सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. बायकोला सांगावं, ती काहीतरी निभावून नेईल. त्याने तोंड उघडलं.

"तामू, तो मासा..."

ती वळली. तिने ओल्या हाताने त्याची कॉलर नीट केली. असं तिने कधी केलं होतं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"काही बोलू नकोस," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला वाटायचं तुला माझ्या माणसांचं काही नाही. फोन आला की तुझं तोंड उतरायचं. मी मनात किती काय काय बोलले तुला. आणि तू पहाटे उठून, न सांगता... पहाटे तू अंथरुणात नव्हतास, ते मला कळलं होतं. कुठे गेलास ते आत्ता कळलं."

खरं सांगितलं तर तिच्या डोळ्यांतली ही माया आत्ता जाणार. नाही सांगितलं तर आणखी दोन मिनिटांनी जाणार. त्याने दोन मिनिटं निवडली. (भित्र्या माणसाला थोडं सुखही पुरतं.) सुरी घेऊन तो तिच्यामागून बाहेर आला, फासावर जाणाऱ्याने दोर स्वतःच आणून द्यावा तसा.

"बिस्मिल्ला!" म्हणत मिलूदने फॉईलचं टोक उलगडलं. दुसरं उलगडलं. मग दोन्ही हातांनी मधोमध टरकन फाडलं.

आत काळंकुट्ट काहीतरी होतं.

"करपलाय," लल्ला ग़ीता म्हणाली.

तामू वाकली. "डोकं कुठल्या बाजूला?"

मिलूदने ती काळी वस्तू थाळ्यातून उचलली, खिडकीकडे धरली, उलटी केली. त्याच्या करंगळीचं टोक एका भोकात शिरलं. "या माशाला स्क्रूची भोकं आहेत," तो सावकाश म्हणाला. मग आणखी सावकाश, "हा मासा माझ्या ओळखीचा आहे. मी याच्यावर पाय टेकवून पार अगादीर शहरापर्यंत गेलोय."

अल्लालने डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. समुद्रकाठचा रस्ता, ऑफिस, गंज, बरी बाजू, वाईट बाजू, पिठाचं पोतं, गच्ची, नाकातली शाई, सगळं एका दमात. संपलं तेव्हा त्याने एक डोळा उघडून तामूकडे बघितलं. कॉलर नीट करणारी बाई तिथे नव्हती. त्या जागी लाटणं धरणारी बसली होती.

"मोटर दाखव," मिलूद म्हणाला आणि उठला.

वरात निघाली. पुढे मिलूद, हातात गार्ड. मागे अल्लाल. त्यामागे तामू आणि लल्ला ग़ीता. भट्टीच्या दारातून बा अय्यादने विचारलं, "कसा होता मासा?" वरात तशीच पुढे गेली.

तबेल्याचं दार उघडलं. मिलूदने मोटरसायकलला एक फेरी घातली आणि या वेळी वाईट बाजूला थांबला. गुडघ्यावर बसला. काळ्या सायलेन्सरवरून त्याने बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ. पुन्हा फिरवलं, नखाने खरवडलं. रंग हलला नाही. मग त्याने वाकून मीटरमध्ये बघितलं, आणि त्याची पाठ हलायला लागली. अल्लाल दोन पावलं मागे सरला. पण मिलूद हसत होता. हसता हसता तो गवताच्या पेंढीवर बसला आणि डोळे पुसू लागला.

"अरे वेड्या, तू रोज चालवतोस हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे! तामूने तेव्हाच फोन करून सांगितलं होतं."

अल्लालने तामूकडे बघितलं. तामू छताकडे बघत होती.

"मग... मग काही बोलला का नाहीत?"

"नुसती उभी गाडी सडते, मलाही कळतं. मीच तामूला म्हटलं, चालवू दे त्याला. फक्त मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. या गाडीचा मागचा ब्रेक मी गेलो तेव्हाच मेलेला होता. म्हटलं, तुझ्या मनात माझी भीती आहे तोवर तू सावकाश जाशील. तुझा ब्रेक मी होतो रे, एवढी वर्षं, बेल्जियममध्ये बसून!"

लल्ला ग़ीता ओढणीआड हसायला लागली. अल्लालच्या अंगातून गुरुवारपासूनची सगळी भीती एकदम निघून गेली, आणि त्या रिकाम्या जागेत संताप भरला. एवढ्या वर्षांचं चोरटेपण, ते घाबरणं, ती काळजी! तो बायकोकडे वळला.

"आणि तुला सगळं माहीत होतं? रोज संध्याकाळी मी कोपऱ्यावर इंजिन बंद करायचो, तू ऐकशील म्हणून! या एवढ्या चढावरून एवढं मोठं धूड एकट्याने ढकलत तबेल्यापर्यंत आणायचो! पावसात, उन्हात, रोज्यांच्या महिन्यात, उपाशी पोटी! आणि तू घरात बसून..."

"खिडकीतून बघायची," तामू शांतपणे म्हणाली. "म्हटलं ढकलू दे, तेवढंच पोट तरी उतरेल. तेही उतरलं नाही."